फांदी, कावळा आणि शहरांचे अर्थकारण

मुंबई, खास प्रतिनिधी – सुरतेजवळ खजोद येथे उभारलेल्या 'सुरत डायमंड बोर्स'चे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले, त्या सुमारास मुंबईत एक प्रश्न वारंवार विचारला जात होता : हिऱ्यांचा बाजार आता मुंबई सोडणार काय? प्रश्न वावगा नव्हता. सुमारे ६७ लाख चौरस फुटांचे बांधकाम, साडेचार हजारांहून अधिक कार्यालये आणि हिऱ्यांना पैलू पाडणारे कारागीर तर बहुतांश सुरतेतच. कागदावर हिशेब मांडला तर मुंबईच्या बाजूने फारसे काही उरत नव्हते. प्रत्यक्षात मात्र उद्घाटनानंतर कित्येक महिने त्या संकुलातील बहुतेक कार्यालयांची कुलुपे निघाली नाहीत. मुंबईहून तिथे गेलेल्या एका बड्या कंपनीने थोड्याच काळात मुंबईतील कामकाज पुन्हा सुरू केल्याच्या बातम्याही आल्या.

हाच बाजार त्याआधी तेरा वर्षांपूर्वी मात्र हलला होता. वांद्रे-कुर्ला संकुलातील 'भारत डायमंड बोर्स'चे बांधकाम वर्षानुवर्षे रखडले होते. ते ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले आणि ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न, प्रसाद चेंबर्स परिसरात अनेक दशके मुरलेला व्यापार तिकडे सरकू लागला. लहान व्यापारी आणि दलाल मागे रेंगाळले. १३ जुलै २०११ रोजी झवेरी बाजार आणि दादरसोबत ऑपेरा हाऊसलाही बॉम्बस्फोट झाला, आणि त्या रेंगाळलेल्यांपैकीही अनेकांनी वांद्र्याची वाट धरली.

एका वेळी बाजार हलतो, दुसऱ्या वेळी हलत नाही, असे का? 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' ही म्हण आपण योगायोग सांगण्यासाठी वापरतो आणि तिथेच थांबतो. प्रादेशिक अर्थशास्त्राची एक शाखा मात्र गेली सुमारे पन्नास वर्षे त्याच्या पुढचा प्रश्न विचारते आहे : फांदी आतून किती पोखरली होती? कावळ्याचे वजन हा तिच्या लेखी दुय्यम मुद्दा आहे.

गोटी आणि खळगा

आपण सर्वसाधारणपणे असे धरून चालतो की, लहान कारणाचा परिणाम लहान आणि मोठ्या कारणाचा मोठा. वाहतूक दहा टक्क्यांनी स्वस्त झाली, तर व्यापार त्या प्रमाणात थोडा इकडून तिकडे जाईल. सरकारी नियोजनातील बहुतेक आकडेमोड याच गृहीतकावर उभी असते. फ्रेंच गणितज्ञ रेने थॉम यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे गृहीतक कुठे कोसळते, याचे गणित मांडले. 'कॅटॅस्ट्रॉफी थिअरी' या नावाने ते जगभर गाजले. नाव भयंकर असले तरी त्यात आपत्तीचा संबंध नाही. संथपणे बदलणाऱ्या कारणाने एखादी व्यवस्था एका स्थितीतून दुसरीत एकाएकी उडी कशी घेते, एवढाच त्याचा विषय.

समजा, एका फळीवर दोन खळगे आहेत आणि मध्ये उंचवटा. डाव्या खळग्यात गोटी ठेवली आहे. फळीचा आकार आपण हळूहळू असा बदलत नेतो की, डावा खळगा उथळ आणि उजवा खोल होत जातो. गोटी हलते का? नाही. खळगा निम्मा उथळ झाला तरी ती जागेवरच असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, सारे आलबेल आहे. मग एका क्षणी डाव्या खळग्याची कडाच नाहीशी होते आणि गोटी घरंगळत थेट उजवीकडे जाते. त्या क्षणी फळीला झालेला बदल आदल्या दिवशीच्या बदलाहून मोठा नव्हता. कडा अगदी नाहीशी होण्यापूर्वी कोणी फळीला हलकासा धक्का दिला, तरी गोटी तशीच जाते. आणि मग सारा दोष धक्का देणाऱ्याच्या माथी येतो.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. आता फळी पुन्हा पूर्वीच्या आकारावर आणली, तर गोटी परत येते का? येत नाही. ती उजव्या खळग्यात स्थिरावलेली असते. तिला परत आणायचे तर फळी पूर्वीच्याही पलीकडे, विरुद्ध दिशेला बरीच वाकवावी लागते. 'बूंद से गयी वो हौद से नहीं आती' असे आपण अब्रूबद्दल म्हणतो. बाजारपेठांनाही ते लागू पडते, आणि गणिताने तर हौद किती मोठा लागेल याचाही अंदाज बांधता येतो.

वाण्याचे दुकान आणि मोठा मॉल

शहरांच्या अर्थकारणात हे गणित प्रथम नेटकेपणाने बसवले ते ब्रिटन हॅरिस आणि ॲलन विल्सन या दोघांनी, १९७८ मधील एका शोधनिबंधात. हॅरिस अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले, विल्सन इंग्लंडमधील लीड्सचे. त्यांचा विषय अगदी रोजचा होता : लोक खरेदीला कुठे जातात?

त्यांच्या प्रारूपात दोनच ओढी आहेत. दुकान जितके मोठे तितके त्याचे आकर्षण अधिक, आणि जाण्यायेण्याचा खर्च जितका जास्त तितके ते कमी. ज्या दुकानाची विक्री खर्चाहून अधिक ते वाढते, ज्याची कमी ते आकसते. दुकान वाढले की आकर्षण वाढते, आकर्षण वाढले की विक्री वाढते. मोठेपणाचे आकर्षण एका मर्यादेपलीकडे गेले, तर या चक्रातून एक सीमारेषा तयार होते. प्रवास महाग आहे तोवर गल्लोगल्लीची लहान दुकाने टिकून राहतात. घरोघरी मोटार येऊ लागते, प्रवास थोडाथोडा सुकर होतो, वर्षानुवर्षे काहीच बिघडत नाही. आणि मग त्या रेषेपलीकडे कोपऱ्यावरची दुकाने भराभर मिटतात व सारी खरेदी मोठ्या केंद्रांकडे वळते. ब्रिटनमध्ये सुपरमार्केटांचा उदय नेमका असा झाला, असा विल्सन यांचा दावा होता. पेट्रोल पुन्हा महाग झाले म्हणून कोपऱ्यावरचा वाणी परत येत नाही, हेही त्यातून निघत होते.

पुढे १९९१ मध्ये पॉल क्रुगमन यांनी हाच विचार दुकानांवरून संपूर्ण प्रदेशांवर नेला. दोन प्रदेश कल्पा, सर्व बाबतींत सारखे. माल इकडून तिकडे नेणे फार महाग असेल, तर प्रत्येक प्रदेश आपापले कारखाने बाळगतो. वाहतूक स्वस्त होत गेली की कारखानदाराला एकाच ठिकाणी मोठा कारखाना काढून दोन्हीकडे माल पुरवणे परवडू लागते. तो अर्थातच जिथे गिऱ्हाईक आणि कामगार अधिक तिथे जातो. तो गेला की कामगारही जातात, म्हणजे गिऱ्हाईकही वाढते. एका मर्यादेखाली हा समतोल फुटतो; एक प्रदेश केंद्र होतो आणि दुसरा परिघावर फेकला जातो. कोणता केंद्र होणार, हे सुरुवातीच्या एखाद्या किरकोळ फरकाने ठरू शकते. क्रुगमन स्वतः अमेरिकेतील डाल्टन या गावाचे उदाहरण देतात. १८९५ मध्ये तिथल्या एका मुलीने लग्नाच्या आहेरासाठी हाताने टाके घालून एक चादर बनवली. त्या कलेतून गावात धंदा उभा राहिला, आणि पुढे तेच गाव अमेरिकेच्या गालिचा उद्योगाची राजधानी झाले. क्रुगमन यांना २००८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

हिरोशिमा परतले, बर्लिन नाही

प्रारूप कितीही देखणे असले, तरी जग तसे वागते का? शहरांवर प्रयोग करता येत नाहीत. मात्र इतिहासाने काही प्रयोग केले आहेत, तेही अत्यंत क्रूर.

डोनाल्ड डेव्हिस आणि डेव्हिड वाइनस्टाइन यांनी २००२ मध्ये ११४ जपानी शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात त्यांतील कित्येक शहरे बॉम्बवर्षावाने बेचिराख झाली होती. एवढ्या धक्क्याने त्यांची क्रमवारी कायमची उलटीपालटी व्हायला हवी होती. तसे घडले नाही. बहुतेक शहरे सुमारे पंधरा वर्षांत आपल्या जुन्या सापेक्ष आकारावर परतली. अणुबॉम्ब झेललेले हिरोशिमादेखील १९७५ च्या सुमारास आपल्या पूर्वीच्या वाढीच्या मार्गावर आले. फांदी भक्कम असेल तर गिधाड बसले तरी ती तुटत नाही, असा याचा अर्थ. बंदर, नदी, सपाट जमीन, जुने रस्ते, लोकांची जमिनीवरील मालकी यांनी खळगा इतका खोल केला होता की, गोटी उसळली आणि पुन्हा त्यातच पडली.

जर्मनीत याउलट घडले. युद्धापूर्वी देशाच्या हवाई वाहतुकीचे केंद्र बर्लिन होते. फाळणीनंतर पश्चिम जर्मनीने ते स्थान फ्रँकफर्टला दिले, कारण पश्चिम बर्लिन पूर्व जर्मनीने वेढलेले बेट झाले होते. १९९० मध्ये देश पुन्हा एक झाला. बर्लिन राजधानी झाले. ज्या कारणाने विमाने गेली होती, ते कारण उरले नाही. तरीही विमाने परतली नाहीत. बर्लिनचा नवा विमानतळ अनेक वर्षे रखडून ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला, पण केंद्र फ्रँकफर्टच राहिले. स्टीफन रेडिंग, डॅनियल स्टर्म आणि निकोलाउस वोल्फ या अर्थतज्ज्ञांनी २०११ मधील निबंधात याचा हिशेब मांडला. त्यांच्या मते आता दोन्ही शहरे हे केंद्र सांभाळू शकतात, त्यांच्या मूळच्या सोयींत फारसा फरक नाही. पण केंद्र हलवण्याचा खर्च त्या फरकाहून कितीतरी मोठा आहे. म्हणून जिथे आहे तिथेच ते राहते.

या दोन उदाहरणांत मला विरोध दिसत नाही. अख्खे शहर उचलणे कठीण असते. त्यातला एखादा धंदा, एखादे कार्य उचलणे त्या मानाने सोपे. आणि मुंबईकराच्या अनुभवाला हा दुसरा प्रकार अधिक जवळचा आहे.

गिरणगावाचे काय झाले?

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीपासून मुंबईच्या कापड उद्योगाची कहाणी सुरू होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा तिला सव्वाशे वर्षे उलटून गेली होती. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाच्या घरात कामगार पुन्हा कामावर गेलेच नाहीत. तेव्हापासून लालबाग-परळमधील कोणत्याही कट्ट्यावर हा वाद ऐकायला मिळतो : गिरण्या संपाने मारल्या की मालकांनी?

खळग्याच्या भाषेत पाहिले तर वादाचे स्वरूपच बदलते. १९५६ मध्ये केंद्र सरकारने गिरण्यांमधील मागांची संख्या गोठवली. उद्देश हातमागाला वाचवण्याचा होता. मोकळ्या झालेल्या जागेत शिरला तो मात्र यंत्रमाग. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे एकेका गाळ्यात चार-आठ माग, अबकारी करात सवलत, बारा-बारा तासांची पाळी, ना भविष्यनिर्वाह निधी ना मान्यताप्राप्त युनियन. १९५०-५१ मध्ये देशातील कापडाच्या उत्पादनात गिरण्यांचा वाटा तीन-चतुर्थांशाहून अधिक होता. १९८० च्या सुमारास तो निम्म्याखाली आला होता. दुसरीकडे गिरण्यांतील यंत्रे जुनाट झाली होती, नफा इतरत्र वळवला जात होता, आणि गिरणी ज्या जमिनीवर उभी होती त्या जमिनीचा भाव गिरणीतल्या कापडाहून वेगाने चढत होता. या तिन्ही गोष्टी संथ होत्या. रोज सकाळी भोंगा वाजत होता, तिन्ही पाळ्या भरत होत्या. गोटी जागेवर होती.

त्यात संप झाला. त्या काळात काही मालकांनी भिवंडीच्या मागांवर कापड विणून घेतले, आणि आपल्याला गिरणीवाचूनही कापड विकता येते हे त्यांच्या ध्यानात आले. याला दुजोरा अहमदाबादेतून मिळतो. तिथे १९८२ सारखा संप झाला नाही. तरीही १९८० आणि १९९० च्या दशकांत तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. फांदी तशीच होती, कावळा मात्र आला नव्हता. याचा अर्थ संपाचा काहीच परिणाम झाला नाही असे नव्हे. त्याने पंधरा वर्षांत हळूहळू झाले असते ते दीड वर्षात झाले. आणि पन्नाशीच्या कामगाराच्या दृष्टीने हा फरक आयुष्याएवढा होता. परंतु 'सामंतांनी गिरण्या बुडवल्या' हे वाक्य जितक्या सहजपणे उच्चारले जाते, तितके ते खरे नाही.

एक गिरणी बंद पडली की किती खळगे उथळ होतात, हे गिरणगावाने दाखवून दिले. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. त्यांना संघटित करण्यासाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले होते. पगार थांबला तशा खानावळी बसल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात, सातारा-कोल्हापूरच्या खेड्यांत दरमहा येणारी मनीऑर्डर आटली. परळला बसलेला धक्का तीनशे मैलांवरच्या घरात दुकानदाराच्या उधारीच्या वहीत उमटला. अर्थतज्ज्ञ ज्याला प्रदेशांची परस्पर गुंफण म्हणतात ती हीच, आणि प्रारूपांची खरी परीक्षा एका जागेचा ऱ्हास सांगण्यात नसून ही साखळी सांगण्यात आहे.

आणि परतीची वाट? गिरणी आणि यंत्रमाग यांना वेगवेगळ्या मापाने मोजण्याचे जुने धोरण बदलण्याची दिशा १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने दाखवली. कारण काढून टाकण्याचा हा प्रयत्न होता. एकही माग परळला परतला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ अन्वये गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग विकून आधुनिकीकरण करावे, आणि एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी व सार्वजनिक घरांसाठी द्यावा, अशी कल्पना होती. जमीन विकली गेली, गिरणी सुधारली नाही. २००१ च्या दुरुस्तीने तर हिस्सा द्यायचा तो केवळ मोकळ्या जमिनीचा, असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी ही दुरुस्ती वैध मानली. तोवर फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहून लोकांच्या सवयीचाही झाला होता. एकदा चौरस फुटाचा भाव टॉवरच्या हिशेबाने ठरू लागला की, तिथे पुन्हा माग बसवण्यासाठी लागणारे अनुदान कोणत्याही अर्थसंकल्पात मावणार नाही. हौदाचा आकार तो हा. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, तेव्हा अर्जदार दीड लाखाच्या आसपास होते आणि घरे सुमारे सात हजार.

तारीख सांगता येत नाही

मग ही प्रारूपे आधीच इशारा देऊ शकली असती काय? येथे सावध राहावे लागते. १९७० च्या दशकात ब्रिटिश गणितज्ञ ख्रिस्तोफर झीमन यांनी कॅटॅस्ट्रॉफी थिअरी शेअर बाजारापासून तुरुंगातील दंगलींपर्यंत सर्वत्र लावली, तेव्हा तिचा इतका उदोउदो झाला की, १९७८ मध्ये सुसमन आणि झाहलर यांनी तिच्यातील ढिल्या गृहीतकांवर सडकून टीका केली. ती बव्हंशी रास्त होती. घडून गेलेल्या उडीला वक्ररेषा चिकटवणे सोपे असते. विल्सन यांची परंपरा टिकली ती प्रत्यक्ष मोजता येणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे प्रवासाचा खर्च, दुकानांचे क्षेत्रफळ, लोकांची ये-जा यांवर तिने भर दिला म्हणून.

तरीही तारीख कोणतेच प्रारूप सांगत नाही. ते एवढेच सांगू शकते की, अमुक ठिकाणी खळगा उथळ झाला आहे. पर्यावरणशास्त्रात असे आढळले आहे की, उडी जवळ आलेली व्यवस्था लहान धक्क्यातून सावरायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ घेऊ लागते. हीच खूण उद्योगांतही शोधता येईल : मंदीनंतर एखादा उद्योगसमूह पूर्वी सहा महिन्यांत सावरत होता, आता त्याला दोन वर्षे लागत आहेत काय? पण त्यासाठी गावनिहाय, धंदानिहाय आणि वारंवार गोळा केलेली माहिती हवी. आपल्याकडे २०११ नंतरची जनगणना ठरलेल्या २०२१ साली झालीच नाही. दहा वर्षांतून एकदा डोकावणाऱ्याला गोटी कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे दिसणार; मधले काहीच दिसणार नाही.

शिवाय गोटीला मन नसते, माणसाला असते. उद्या सगळे जाणार असे सगळ्यांना वाटले, तर सगळे जातातच. क्रुगमन यांनी १९९१ मध्येच दाखवले होते की, काही परिस्थितींत इतिहास निर्णायक ठरतो, तर काहींत अपेक्षा. म्हणून बाजार हलवू पाहणारे मोठी इमारत बांधतात, उद्घाटनाचा गाजावाजा करतात; इमारतीपेक्षा विश्वास हलवणे त्यांना अधिक गरजेचे असते.

ऑपेरा हाऊस ते वांद्रे हे अंतर लोकलने पाऊण तासाचे. दलाल तोच राहिला, त्याचे घर, त्याची बँक, त्याचा आंगडिया सारे शहरातच राहिले. बदलला तो फक्त पत्ता. सुरतेला जायचे तर या प्रत्येकाला एकाच वेळी उठावे लागते, आणि पहिल्याने उठणाऱ्याला गिऱ्हाईक मागेच सोडून जावे लागते. खजोदच्या संकुलात किती कार्यालये विकली गेली, हा आकडा त्यामुळे फारसा बोलका नाही. हिऱ्यांची पुडी खिशात घालून निघालेल्या दलालाला एका दुपारी, पायी फिरून, किती खरेदीदार गाठता येतात हे मोजले पाहिजे. जोवर हा आकडा वांद्र्यात मोठा आहे, तोवर ६७ लाख चौरस फूट हे केवळ क्षेत्रफळ आहे. तो वांद्र्यात दरवर्षी थोडाथोडा घटत असेल, तर मात्र बाजार जागेवर दिसतो म्हणून मुंबईने निश्चिंत राहावे, अशी परिस्थिती नाही.